वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा

कमिशनिंगच्या, म्हणजे नवी यंत्रणा तपासून सुरू करण्याच्या, पहिल्या दिवशी नवा इंजिनिअर कंट्रोल रूममध्ये लॅपटॉप उघडून बसतो. मी त्याला उठवतो आणि बॉयलरपाशी घेऊन जातो. तिथल्या कंट्रोलरवर पाण्याचं तापमान दिसत असतं, समजा ७५ अंश. "हा आकडा वहीत लिही, वेळेसकट," असं सांगतो. डेटा सर्व्हरचं काम या वहीपासून सुरू होतं.

डेटा सर्व्हर हा दुभाषा आहे. खाली पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक), एनर्जी मीटर, टेम्परेचर कंट्रोलर, प्रत्येकाची बोली वेगळी. वर स्काडा, म्हणजे कंट्रोल रूमच्या पडद्यावर आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याला फक्त टॅगचं, म्हणजे त्या आकड्याला दिलेलं, नाव कळतं. १९९६ मध्ये ओपीसी ही सर्व्हर आणि स्काडामधली सामायिक भाषा आली, त्याआधी प्रत्येक स्काडासाठी प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर वेगळा लिहावा लागे. खालच्या बोलींमधली जुनी, पण अजून जागोजागी भेटणारी बोली म्हणजे मॉडबस. मॉडिकॉनने ती १९७९ मध्ये आणली.

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तापमान रजिस्टर ४०१०१. रजिस्टर म्हणजे उपकरणातला आकडा ठेवायचा कप्पा. तारेवरून मात्र १०० जातो. सुरुवातीचा ४ रजिस्टरचा प्रकार सांगतो, आणि तारेवरची मोजणी शून्यापासून होते. काही सर्व्हर हा एकाचा फरक स्वतः सांभाळतात, काहींत त्याची सेटिंग असते, काही मॅन्युअलच शून्यापासून लिहिलेली असतात. एकाने चुकलात तर शेजारच्या रजिस्टरचा आकडा येतो, आणि कित्येकदा तोही खराच वाटतो.

त्याहून फसवी गोष्ट पुढे आहे. मॉडबसचं रजिस्टर १६ बिटांचं. दशांश आकड्याला सहसा ३२ बिट लागतात, म्हणजे दोन रजिस्टर. त्यांतलं आधी कुठलं पाठवायचं, हे मॉडबसने ठरवलेलंच नाही. ७५ अंश दोन रजिस्टरांत हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या मोजणीत) ४२९६ आणि ०००० असे बसतात. पहिलंच रजिस्टर पूर्णांक म्हणून वाचलं तर १७०४६ येतं, आणि ते पाहून कोणीही दचकेल. पण दोन्ही उलट क्रमाने जोडली तर शून्याच्या इतका जवळचा आकडा होतो की पडद्यावर ०.०० दिसतं. मग लोक सेन्सर काढतात, केबल तपासतात. एका कारखान्यात मी हे दोन दिवस होताना पाहिलंय. सर्व्हरमध्ये वर्ड ऑर्डरचा, म्हणजे रजिस्टरांच्या क्रमाचा, एक पर्याय बदलायचा होता.

आणि या सगळ्या काळात टॅगची क्वालिटी, म्हणजे आकडा नीट मिळाला का याची सर्व्हरने दिलेली खूण, 'गुड' असते! उत्तर वेळेवर आलं, सीआरसी (वाटेतली चूक पकडणारा पडताळणीचा आकडा) जुळला, सर्व्हरचं काम चोख झालं. अर्थ चुकला हे त्याला कळायला मार्ग नाही. ते कळतं फक्त वहीतल्या ७५ ला.

आता वेगाबद्दल. आरएस-४८५ या पद्धतीच्या एकाच जोडतारेवर वीस-पंचवीस मीटर असतात, आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट जायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रत्येक टॅगसाठी वेगळा प्रश्न विचारू नका. सलग रजिस्टर एका झटक्यात मागा, एका प्रश्नात १२५ पर्यंत मिळतात. मात्र मधले पत्ते रिकामे असतील तर काही मीटर अख्खी मागणीच नाकारतात, हे लक्षात ठेवा. टाइमआउट एक सेकंद आणि प्रयत्न तीन ठेवले, तर बंद पडलेला एक मीटर दर फेरीत बाकी सगळ्यांचे तीन सेकंद खातो. 'ऊर्जेची नोंद उशिरा येते' या तक्रारीमागे बरेचदा असाच एखादा मीटर असतो.

वरच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. नवीन जोडणीला ओपीसी यूए, म्हणजे ओपीसीची नवी आवृत्ती, घ्या. ओळख पटवणारं सर्टिफिकेट सर्व्हर आणि स्काडा दोन्हीकडे 'ट्रस्टेड' करावं लागतं. त्याला कंटाळून सुरक्षा बंद ठेवू नका. मॉडबसला तर पासवर्डच नाही. मॉडबसचं नेटवर्कवरचं दार, म्हणजे ५०२ पोर्ट, ऑफिसच्या नेटवर्कला उघडा दिसला, की कोणाच्याही लॅपटॉपवरून पंपाचा सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा) बदलता येतो, हे मी कंपनीच्या आयटी विभागाला प्रत्यक्ष करून दाखवतो.

शेवटच्या दिवशी मी चालू यंत्रणेतून एका मीटरची कम्युनिकेशनची वायर काढतो आणि ऑपरेटरला पडद्यासमोर बसवतो. सर्व्हर क्वालिटी 'बॅड' करतो, पण स्काडाचा पडदा तसा बनवलेला नसेल तर शेवटचा आकडा तसाच उभा राहतो. ७५, ७५, ७५, रात्रभर. आकड्याचा रंग बदलला, त्यावर फुली आली, आणि ऑपरेटर स्वतःहून म्हणाला, "साहेब, तीन नंबरचा मीटर गेला," की मगच मी वायर परत जोडतो.