किनाऱ्याचा इशारा आणि आत्याचा विळा

नमस्कार श्रोते हो.

पावसाळ्यात रेडिओवर एक वाक्य सारखं कानावर पडतं. ‘किनारी कर्नाटक, गोवा आणि कोकणात अतिवृष्टीचा इशारा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ आपण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं ते ऐकतो आणि चहाचा कप तोंडाला लावतो. समुद्र कुठं, आपण कुठं! त्यात हवामान खात्याच्या नकाशावर आपला जिल्हा उत्तर अंतर्गत कर्नाटकात मोडतो, त्यामुळं किनाऱ्याच्या इशाऱ्यात आपलं नावही येत नाही.

पण बेळगावपासून गोव्याचा किनारा सरळ रेषेत मोजला तर शंभर किलोमीटरच्या आत आहे. मध्ये आहे तो फक्त सह्याद्री. समुद्रावरून आलेलं ढगांचं ओझं त्याच्या माथ्यावर रितं होतं. तिथं पडलेलं काही पाणी पश्चिमेला उतरतं, काही आपल्याकडं वळतं. कणकुंबीची मलप्रभा आपली, आंबोलीची हिरण्यकेशी संकेश्वराला येते, राधानगरीकडची दूधगंगा आणि भुदरगडाची वेदगंगा चिकोडी-निपाणीच्या शिवारात येतात. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. किनाऱ्याला इशारा म्हणजे घाटाला पाऊस, आणि घाटाला पाऊस म्हणजे आपल्या नदीला पाणी. आज नाही, तर उद्या-परवा.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो.

माझी आत्या दूधगंगेच्या काठच्या एका गावात राहते. शाळेत कधी गेली नाही, पण रेडिओ चुकवत नाही. 2019 ची पंचमी होती, 5 ऑगस्ट, सोमवार. तिच्या दोघी लेकी माहेरी आलेल्या, अंगणात झोका बांधलेला. शनिवारी संध्याकाळी तिनं किनाऱ्याचा इशारा ऐकला आणि पदर खोचला. रविवारी सकाळी तिन्ही म्हसरं सोडून माळावर, थोरल्या लेकीच्या सासरी नेऊन बांधली. ज्वारीची पोती माळ्यावर चढवली. उतारे, रेशन कार्ड, पासबुक, सगळं पत्र्याच्या पेटीत घालून तीही वर पाठवली.

शेजारचा पोरगा हसला. म्हणाला, “आत्या, ते समुद्राचं सांगायलेत. आपल्याला काय त्याचं?”

त्या गावात मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर 2005 च्या महापुराची तांबडी रेघ आहे, ऑइल पेंटनं ओढलेली. जाणती माणसं संध्याकाळी तिथंच बसायची. त्यांचं म्हणणं एकच, पाणी आलं तरी त्या रेघेच्या वर काही येत नाही, आणि वस्ती तर रेघेच्या वरच आहे. आत्या त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “ती रेघ पाण्यानं वडलीया का आपण?”

कुणी काही बोललं नाही.

सोमवारी पंचमी झाली. दुपारी मळीची जमीन पाण्याखाली गेली, उसाचे फक्त शेंडे दिसत होते. त्यात कृष्णाच तुडुंब, तिच्यात दूधगंगेचं पाणी शिरेना, त्यामुळं मागं फूग येऊ लागली. फुगीचं पाणी आवाज करत नाही, नुसतं चढतं. मंगळवारी रात्री कुत्री भुंकायला लागली तेव्हा शेजारच्या गोठ्यात गुडघाभर पाणी होतं. तो हसणारा पोरगा म्हसरं सोडायला धावला आणि दावं सुटेना. भिजलेली दोरी फुगते, गाठ दगडासारखी होते, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. पण अंधारात, थंड पाण्यात, जनावर ओढ घेत असताना बोटांना ते आठवत नाही. आत्यानं आपल्या गोठ्यातला विळा आणून दिला. दोन म्हसरं दावी कापून बाहेर काढली. तिसरी पार कोपऱ्यात बांधलेली. तिच्यापर्यंत पोचता आलं नाही.

पाणी त्या तांबड्या रेघेच्या हातभर वर गेलं. सगळं गाव आठवडाभर शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा छावणीत होतं. आत्याकडं रेशन कार्ड होतं, उतारा होता. बाकीच्यांना कागदांसाठी पुढं कितीतरी महिने खेटे घालावे लागले. तो पोरगा आता रोज संध्याकाळी आत्याकडं येऊन विचारतो, रेडिओवर काय सांगितलं?

आता इशाऱ्याचे रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे जागचे हला. पुन्हा सांगतो, पिवळा लक्ष, नारिंगी तयारी, तांबडा हला. आकडे ऐकायचे तर चोवीस तासांत 204 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टीचा शेवटचा टप्पा. घाटावर असा पाऊस सांगितला की आपण नारिंगीतच आहोत असं धरून चाला, आपल्या जिल्ह्याचा रंग कोणता का असेना.

इथं माझं एक मत बोलून टाकतो. आपल्या भागात इशाऱ्याची गाडी फिरते तेव्हा ती कन्नडमध्येही बोलावी आणि मराठीमध्येही. म्हातारी माणसं ज्या भाषेत घाबरतात त्याच भाषेत त्यांना सावध करावं लागतं. यात राजकारण काही नाही, माणसं वाचवायची आहेत.

वाऱ्याचं थोडक्यात. समुद्रावर वारा ताशी 62 किलोमीटरच्या वर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव देतात. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातला धडकलं, तरी इथं आत असूनही आपल्याला वाऱ्यापावसाचा तडाखा जाणवला. पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही, पत्रा उडाला की दगडही उडतो. हुक आवळून घ्या. आणि झाडांच्या बुंध्याशी सिमेंट ओतणं थांबवा, हे मी किती वर्षं सांगतोय. शहरातली मोठमोठी झाडं पडतात ती वाऱ्यानं, पण मुळं आधी आपणच गुदमरवलेली असतात. पाणी मुरत नाही, मूळ पसरत नाही, मग ते झाड कशाच्या बळावर उभं राहणार?

वेळ संपत आली. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर कल्लोळ-यडूर असो की कारदगा-भोज, दुचाकी घालू नका. वळसा पडला तर पडू द्या. अडचणीत 112 किंवा जिल्ह्याचा 1077 क्रमांक फिरवा. एकशे बारा, एक शून्य सात सात.

आत्याच्या गोठ्यात आता मृग लागला की आढ्याला एक विळा खोचलेला असतो, हात वर केला की लागेल असा, आणि हस्त संपेपर्यंत तो तिथून कुणी काढायचा नाही. यंदा शेजारच्या गोठ्यातही तसाच एक बघितला.

नमस्कार.