दीड महिन्याची लस आणि बाळाचा कान

बाळाच्या मागे ताट वाजवायचं, ते दचकलं की ऐकू येतं असं म्हणायचं, ही घरोघरची परीक्षा. पण ताटाचा आवाज मोठा असतो. मध्यम दोष असलेलं मूल त्यालाही दचकतं, आणि अजिबात ऐकू न येणारं मूल हाताची हालचाल किंवा पलंगाचा हादरा टिपून वळतं. पहिले काही महिने बहिरं बाळही हुंकार देतं. मग दोन वर्षांचं झाल्यावर शंका येते आणि ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत आणखी एक वर्ष जातं.

आशाताईंनो, आकडे तीनच लक्षात ठेवा: एक, तीन, सहा. एका महिन्यात पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू.

पहिली तपासणी म्हणजे ओएई. कानात मऊ टोकाचा प्रोब बसवतात, यंत्र बारीक टिकटिक सोडतं आणि आतल्या कानातल्या केसपेशींकडून परत येणारा आवाज मोजतं. बाळ शांत झोपलेलं असेल तर काही मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी कानात जन्मावेळचा ओलसर थर असतो, त्यामुळे निकाल चुकीचा ‘रेफर’ येऊ शकतो. शक्यतो दुसऱ्या दिवशी, घरी सोडण्याआधी करावी. ‘रेफर’ म्हणजे पुन्हा तपासा, एवढंच. पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेलं किंवा कावीळ वाढून रक्त बदलावं लागलेलं बाळ असेल, तर ओएई पास झाली तरी बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी, हवीच. दोष कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत असला तर ओएईला तो दिसत नाही.

मुलं हातची सुटतात ती इथून पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, आणि नंतर ती पुण्याला किंवा विजापूरला सासरी जाते. ‘महिन्याने या’ असं लिहिलेली चिठ्ठी पिशवीतच राहते. म्हणून फेरतपासणी दीड महिन्याच्या लसीला बांधून टाका. नवजात बाळासाठीची आशाताईंची शेवटची गृहभेट 42व्या दिवशी असते, पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लसीची) पहिली मात्राही तेव्हाच. लसीच्या कार्डावर ‘कान: फेरतपासणी’ एवढं लाल शाईने लिहा आणि माहेरचा, सासरचा असे दोन्ही मोबाईल नंबर घ्या.

बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून एसटीने येणारं बाळ वाटेत झोपतं आणि तपासणीच्या वेळी टक्क जागं! त्याला वाटेत जागं ठेवा, दूध तिथे पोचल्यावर पाजा. त्या दिवशी टाळूला, कपाळाला, कानामागे तेल लावू नका. तेलकट कातडीवर तपासणीच्या तारांची टोकं (इलेक्ट्रोड) चिकटत नाहीत. आणि कानात तर तेल कधीच घालू नका.

निदान झालं की कानाचे डॉक्टर, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), वाचा-उपचारतज्ज्ञ अशी तीन दारं उघडतात. तिघांची एकच फाइल असावी, आणि पुढच्या तारखेला बाळ आलं नाही तर फोन कुणी करायचा ते नावानिशी ठरलेलं असावं. मेंदूज्वरानंतर तर एक आठवडाही घालवू नका. आतल्या कानात हाड भरू लागतं आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसवणं कठीण होतं.

श्रवणयंत्र मिळालं म्हणजे काम झालं, असं समजू नका. बाळाचा कान भराभर वाढतो, मोल्ड (यंत्राचा कानात बसणारा साचा) ढिला पडतो, यंत्र शिट्टी मारतं, आई वैतागून ते डब्यात ठेवते. पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी नवा मोल्ड लागतो, हे आधीच सांगा. यंत्राचा बटण-सेल मुलाच्या हाताला लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका जाळतो.

रोज सकाळी यंत्र लावलं की ओठ झाकून सहा आवाज काढा: आ, ई, ऊ, म, श, स. कालपर्यंत ‘स’ला वळणारं मूल आज वळलं नाही, तर सेल, मोल्डमधला मळ, मग सर्दी या क्रमाने पाहा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. मुलाशी आईच्या तोंडची भाषाच बोला. यंत्र लावलं म्हणून ती बदलू नका. फक्त शेजारी माग चालू असेल तर यंत्र तो खडखडाटही मोठा करतं. तेव्हा बाळाला मांडीवर घ्या, हातभर अंतरावरून बोला.