एमएस, व्यायाम आणि आपलं खान्देशी ऊन

(जळगावात मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, जागतिक एमएस दिवस ३० मेला येतो. ही तारीख ठरवणाऱ्यांनी जळगाव-भुसावळचा नवतपा काही पाहिलेला नसणार. बाहेर पारा ४५च्या घरात असताना मी तुम्हाला व्यायाम करा म्हणून सांगायला उभी आहे, तेव्हा मागच्या ओळीतल्या काकांनी कपाळाला आठ्या घातल्या तर त्यांचं काही चुकत नाही.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उठते. विहिरीवरच्या मोटारीच्या केबलचं रबर जागोजागी सोललं जावं, तसं होतं. साधारण विशी ते चाळिशीत सुरुवात, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन करून ठेवलं. बाकीचं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलेलं आहेच.

मला बोलायचंय ते उष्णतेबद्दल. १८९० साली उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं की काही रुग्णांची नजर श्रमानंतर धूसर होते आणि विसावल्यावर परत येते. ठपका बसला श्रमावर. खरं कारण पुढे कळलं, ते म्हणजे अंगाचं तापमान. आवरण गेलेल्या नसेतून संदेश आधीच जेमतेम सरकत असतो. शरीराचं आतलं तापमान अर्धा अंश चढलं तरी तो अडू शकतो. एमआरआय नव्हता त्या काळात संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत असत. म्हणजे उष्णतेचा हात डॉक्टरांना ठाऊक होता, तरी श्रमावरचा ठपका काही पुसला गेला नाही. दमू नका, पडून राहा, हाच सल्ला कितीतरी वर्षं चालला.

मग १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या पेटाजन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. रुग्णांना १५ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, ४० मिनिटं हातापायांनी चालवायच्या सायकलीवर बसवलं. दमसास वाढला, ताकद वाढली, मन हलकं झालं, लघवी-संडासच्या तक्रारीही कमी झाल्या. पुढच्या अभ्यासांतही व्यायामाने रिलॅप्स, म्हणजे आजाराचे नवे झटके, वाढतात असं दिसलेलं नाही. मात्र व्यायामाने एमएस बरा होत नाही आणि चालू औषधांची जागा तो घेत नाही. व्हॉट्सॲपवर याच्या उलट काही आलं तर पुढे पाठवू नका.

आपल्याकडे अजून १८९० सालच चालू आहे. "बठ माय, काही करू नको," असं घरातली आजी मायेनं म्हणते, आणि त्या मायेपुढे माझं काही चालत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एक ताई आखाजीला खापरावर मांडे करायला बसल्या. समोर चूल, वर तापलेले पत्रे, डोक्यावर पदर. दोन-चार मांडे होत नाहीत तो एका डोळ्यापुढे धुकं आलं, उठायला गेल्या तर पाय उचलेना. घरात रडारड. कुणीतरी शहाणपणानं पंख्याखाली निजवलं, मानेवर ओला पंचा ठेवला, माठातलं पाणी पाजलं. तासाभरात नजर जागेवर आली. पण त्या दिवसापासून घरच्यांनी त्यांचं सकाळचं चालणंही बंद केलं. पोळ्याच्या सुमारास त्या आल्या तेव्हा हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. नवा झटका नव्हता, एमआरआयमध्येही नवं काही नव्हतं. मांड्या बसून बसून वाळल्या होत्या.

तेव्हा हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. उन्हाने किंवा श्रमाने वाढलेला त्रास अंग गार झालं की ओसरतो, नसेला त्यातून नवी इजा होत नाही. ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर तो रिलॅप्स असू शकतो. तेव्हा व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. लघवीच्या संसर्गानेही जुनी लक्षणं उफाळतात, तीही तपासून घ्यावीत.

आता करायचं काय? सौम्य ते मध्यम एमएस असलेल्यांसाठी किमान माप असं: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल इतपत चालणं किंवा सायकल, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. उन्हाळ्यात हे पहाटे, अंगण तापायच्या आत उरकायचं. आधी गार पाणी प्यायचं, गळ्यात ओला पंचा घ्यायचा. आपली हवा कोरडी, म्हणून ओलं कापड आणि कूलर इथे छान काम करतात. पावसाळ्यात दमट झालं की तोच पंचा तितका उपयोगी पडत नाही, तेव्हा बर्फाचं पाणी जवळ ठेवा.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर ती मागे सरकते. पुढच्या काठाशी या, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, पुढे वाका आणि उठा. बसताना धपकन टेकू नका, सावकाश बसा, ताकद तिथेच तयार होते. दहा वेळा, मग विश्रांती. चालताना पायातली चप्पल नकळत सुटत असेल तर पाऊल वर उचलणारे स्नायू ढिले पडलेत. मला सांगा, आणि तोवर मागे पट्टा असलेली सँडल घाला. तोल सांभाळण्याचा सराव दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभं राहून करा, म्हणजे कलंडलात तरी भिंतच लागेल.

व्यायामानंतरचा थकवा तासाभरात उतरायला हवा. दुसऱ्या दिवशीही अंग मोडून आलं तर माप कमी करा, व्यायाम सोडू नका.

बायका मला विचारतात, घरकाम करतोच की, तो व्यायाम नाही का? हालचाल आहे, पण धुणी-भांडी-भाकरीत सगळा दम संपतो आणि मांडीची ताकद वाढत नाही ती नाहीच. म्हणून हे घरातल्या पुरुषमंडळींना उद्देशून: भाकरी तुम्ही थापू नका हवं तर, पण पाणी भरा, भांडी घासा. तिच्याजवळ दम शिल्लक राहिला तरच ती व्यायाम करेल. आणि भाकरी ओट्याशी उंच स्टुलावर बसून करता येते, सकाळी लवकर.

शेवटी पाण्याबद्दल. लघवी आवरत नाही म्हणून कितीतरी जणी दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात, एसटीचा प्रवास असला तर तेवढंही नाही. आपल्या उन्हात हे धोक्याचं आहे, आणि लघवी घट्ट झाली की संसर्गाची भीती वाढते ती वेगळीच. पाणी तोडू नका, दिवसभरात थोडं थोडं प्या, रात्री निजायच्या आधी तेवढं कमी करा. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, बसल्या जागी करता येतात, शेजारणीलाही कळत नाही. ते इथे सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटत असेल तर चहाच्या वेळी मी मागच्या खोलीत आहे.