कॅम्पात मान वर करून चाला

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात पाहुणे आले की शनिवारवाडा, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता हे ठरलेलं. कॅम्पात मात्र आपण बिस्किटांपुरते जातो आणि पुडा हातात पडला की परत फिरतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, कॅम्पासाठी एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ राखून ठेवा. पेठांइतकंच हेही पुणं आपलंच आहे.

१८१७ साली खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला लष्कराची छावणी वसवली, तोच हा कॅम्प. फौजेमागोमाग पारशी, बोहरी, ज्यू, पुढे इराणी मंडळी आली. कुणी दुकान थाटलं, कुणी बेकरी.

पुलगेटला उतरा आणि एमजी रोडने चालत निघा. पूर्वी याचं नाव मेन स्ट्रीट. इथे दुकानांच्या काचांकडे बघताच, पण जरा पाट्यांच्या वरही बघा. खाली तयार कपड्यांचं लखलखीत दुकान आणि वर लाकडी सज्जा, जुना कठडा, कौलं, असं अजूनही मधूनमधून दिसतं. किती दिवस दिसेल, याची मला काळजी वाटते.

डावीकडच्या गल्ल्यांत शिवाजी मार्केट आहे. १८८६ साली उभारलेली ही दगडी मंडई तेव्हा कॅनॉट मार्केट म्हणून ओळखली जायची. भाजी, मटण, मासळी, सगळं एका छपराखाली. मार्च २०२१ मध्ये इथे आग लागली, गाळे जळाले. त्याच महिन्यात फॅशन स्ट्रीट हा कॅम्पातला कपड्यांचा बाजारही जळाला. ज्यांचं पोट त्या गाळ्यांवर होतं, त्यांनी पुन्हा धंदा उभा केला. इथून काहीतरी विकत घ्या, हे मी मुद्दाम सांगतोय. गिऱ्हाईक येत राहिलं तरच बाजार टिकतो, आणि बाजार टिकला तरच ती इमारत.

मोलेदिना रस्त्याजवळचं लाल देऊळ तर चुकवूच नका. हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं. काम १८६३ ला सुरू झालं, १८६७ ला पुरं झालं. ससून मात्र १८६४ मध्येच वारले. त्यांची समाधी याच आवारात आहे. लाल विटांचा तो उंच मनोरा आणि त्यावरचं घड्याळ रस्त्यावरूनही दिसतं. आत जायचं असेल तर आधी परवानगी विचारा.

आता ईस्ट स्ट्रीट. कयानी बेकरी १९५५ पासूनची, दुपारी बंद असते, तेव्हा वेळ बघून जा. बिस्किटांबरोबर मावा केकही घ्या. दोराबजींची बिर्याणी हवी असेल तर त्यांचं हॉटेल १८७८ चं आहे, भूक ठेवून जा.

याच भागात व्हिक्टरी थिएटर आहे, म्हणजे पूर्वीचं कॅपिटॉल. इथे गोरे शिपाई सिनेमा बघायला यायचे. २४ जानेवारी १९४३ च्या रात्री इथे बॉम्बस्फोट झाला. 'चले जाव'च्या चळवळीतल्या तरुणांनी तो घडवला होता. त्यांच्यातले भास्कर कर्णिक दारूगोळ्याच्या खात्यात नोकरीला होते. पकडले गेल्यावर त्यांनी विष घेतलं, साथीदारांची नावं ओठांवर येऊ दिली नाहीत. रोज हजारो माणसं या थिएटरावरून जातात, आणि कितीजणांना हे ठाऊक असतं?

संध्याकाळी हाच रस्ता तरुणांचा होतो. इथल्या पबमध्ये गर्दी जमते, गाणी सुरू होतात. घरच्या तरुण मुलामुलींना तिथे जाऊ द्यायला बिचकू नका. फक्त जाताना कॅपिटॉलची गोष्ट त्यांच्या कानावर घाला आणि गाडी घरीच ठेवायला सांगा. रात्री उशिरापर्यंत रिक्षा मिळते.