संत्र्याच्या सालीचा पाक

(जाळीवर निथळणाऱ्या साली, अगदी जवळून. मागे खिडकीतलं ऊन.)

डिसेंबरातली सकाळ. नागपुरातलं एक स्वयंपाकघर. जाळीवर संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या निथळतायत. काल दुपारी याच साली जाड आणि फिकट होत्या. आज त्यांच्यातून पलीकडची खिडकी दिसते.

आता जाळीखालच्या ताटलीकडे बघा. थेंब लांबतो, थांबतो, मग पडतो. आम्ही खरं तर नाताळचा केक चित्रित करायला आलो होतो. पण चारही दिवस कॅमेरा फिरून फिरून या ताटलीकडेच येत राहिला. साली केकमध्ये जाणार. आणि त्या ज्यात शिजल्या, तो पाक? बहुतेक घरांत तो मोरीत जातो. या घरात जात नाही.

(कळमना बाजार, पहाट. संत्र्यांचे ढीग, टोपल्या, बोली.)

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची शेवटची आवक सुरू आहे. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या या बहाराची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, सगळीकडून गाड्या येतात. दुसऱ्या बहाराची, मृगाची, फळं येतील ती फेब्रुवारीनंतर. भोसल्यांच्या काळात औरंगाबादहून इथे संत्र्याची रोपं आली असं सांगतात. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भाव कोसळला की याच ढिगांचं काय होतं, ते इथल्या शेतकऱ्याला विचारावं.

या ढिगांच्या शहरातही केकमध्ये पडते ती बाजारातली टुटी-फ्रुटी. ती बनते कच्च्या पपईची. रंग लाल, हिरवा, पिवळा, आणि चव नुसत्या साखरेची. या घरातल्या, ऑर्डरचे केक करणाऱ्या काकूंनी साली पाकवायला घेतल्या त्या याच कारणाने. संत्र्याच्या गावात पपईचा केक कशाला?

(काकूंचे हात. संत्रं सोललं जातंय.)

नागपुरी संत्र्याला सुरी लागत नाही. साल गराला धरून नसते, अंगठा घातला की सुटते. आठ संत्र्यांची साधारण पाव किलो साल निघते. पण त्याआधी फळं कोमट पाण्यात मीठ घालून चोळून धुवायची, कारण लांब जाणाऱ्या मालावर मेणाचा हात फिरवलेला असतो. मग बोटाच्या पेराएवढ्या रुंद पट्ट्या कापायच्या.

(पातेलं. पाणी पिवळं होत जातं.)

पहिलं पाणी. साली बुडतील इतकं घालून सहा-सात मिनिटं उकळायचं. काकू त्यातलं थोडं गार करून तळहातावर घेतात आणि जिभेला लावतात. हा चेहरा आम्ही तसाच ठेवला आहे, कापला नाही. सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातला कडूपणा या पाण्यात उतरलेला असतो. हे पाणी पोटात जात नाही, पण तेही मोरीत ओतलं जात नाही. गार झालं की बादलीत जातं आणि त्याने ओटा नि फरशी पुसली जाते. दोन खोल्यांत संत्र्याचा वास पसरतो.

दुसरं पाणीही त्याच बादलीत.

तिसऱ्या वेळी काकू परत चव घेतात. आता चेहरा बदलत नाही. किंचित कडसर, आणि वास भरपूर. हे पाणी त्या गाळून घेतात, मोजतात, अर्धा लिटर भरेल इतकं साधं पाणी वर घालतात आणि त्यातच अर्धा किलो साखर विरघळवतात. म्हणजे पाकाची सुरुवातच उरलेल्या पाण्यापासून. केकच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत हे पाणी फेकून द्यायला सांगितलेलं असतं.

(पाकात साली. मंद आच. बुडबुडे.)

आता घाई नाही. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी आली की चमचा बाहेर. नंतर ढवळत राहिलं तर कडेला साखरेचे खडे धरतात आणि सगळा पाक दाणेदार होतो. म्हणून अर्धा चमचा लिंबाचा रसही पडतो. आंबटपणाने थोडी साखर फुटते आणि पाक परत गोठत नाही. पाऊण तासभर मंद आचेवर सालीतलं पाणी बाहेर येतं, साखर आत शिरते. सालीतलं पेक्टिन पाकात उतरतं. म्हणून बघा, चमचा वर उचलला की धार पाण्यासारखी पडत नाही, झालरीसारखी लोंबते. जॅम धरतो तो याच पेक्टिनमुळे. काकूंच्या शब्दात, ‘पाकाला अंग येतं’.

साली काढल्यावर पातेल्यात जे उरतं ते दीड-पावणेदोन वाट्या. त्यात साखर आहे, संत्र्याच्या सालीतलं सुवासिक तेल आहे, पेक्टिन आहे, आणि एका बाईच्या दुपारचे दोन तास आहेत.

(जुना तांब्याचा बंब. मग चुलीवर डाळ शिजतेय. होळीच्या दिवशी आधीच टिपलेलं चित्रण.)

हे चित्रण याच घरातलं, गेल्या होळीचं. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी वेगळं काढतात. त्या पाण्याला आपल्याकडे नाव आहे, कट. त्याची आमटी होते, आणि पुरणपोळीइतकीच तिची वाट बघितली जाते. मोरावळा संपला तरी बरणीतला पाक कोणी ओतून देत नाही, पोळीला लावून खातो. गुलाबजामाचा पाक उरला की दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांचं पीठ त्यात भिजतं. ज्या घरात कटाची आमटी होते, त्या घरात संत्र्याचा पाक मोरीत जावा याचं मला खरंच वाईट वाटतं. केकची कृती बाहेरून आली, तीत ‘साली काढून घ्या’ इथे पाकाचं वाक्य संपतं. पुढचं वाक्य आपल्या घरात होतंच की.

(शंकरपाळे. पूर्ण कृती, न कापता.)

एक वाटी पाक. त्यात पाव वाटी पाणी, कारण पाक घट्ट आहे. पाऊण वाटी तूप. तूप वितळेपर्यंत गरम करून कोमट होऊ द्यायचं. चिमूटभर मीठ, दोन चमचे रवा, आणि मावेल तेवढा मैदा, साधारण चार वाट्या. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं.

पहिल्या वर्षी काकूंनी सवयीने वरून साखरही घातली होती. शंकरपाळे तेलात पडले आणि हसले. म्हणजे जाळी होऊन पसरले, कढईत नुसता चुरा. पाकात साखर आधीच पुरेशी असते, हे त्या दिवशी कळलं. दुसरी गोष्ट आचेची. लिंबाने फुटलेली साखर लवकर लाल होते, म्हणून हे शंकरपाळे नेहमीपेक्षा मंद आचेवर तळावे लागतात. या घाण्याचा रंग बघा. कडा किंचित गडद, मधे सोनेरी. मोडल्यावर पदर दिसतात.

(केक. विणकामाची सुई.)

केक भट्टीतून निघाल्या निघाल्या विणकामाच्या सुईने भोकं पाडायची आणि चार चमचे पाक सावकाश सोडायचा. आवाज ऐका. गरम केक तो पिऊन घेतो. साखर ओलावा धरून ठेवते, त्यामुळे केक चौथ्या दिवशीही कोरडा पडत नाही. ऑर्डरचे केक आता याच पाकाने भिजतात. वेगळा साखरेचा पाक करणं बंद झालं.

(ताट. पोळी, वाटीत पिवळा रस.)

हा सुधारस. नेहमीचा लिंबाचा. इथे त्याचा अर्धा पाक संत्र्याचा आहे, त्यात लिंबू पिळून वेलची आणि दोन काड्या केशर. गरम पोळी, वर तूप. आजोबांनी दोनदा मागून घेतला, ते पडद्यावर दिसतंच आहे. ज्यांना साखरेचं पथ्य आहे त्यांनी यातलं काहीच खाऊ नये.

(बाटल्या, लेबलं, हस्ताक्षर.)

राहिलेला पाक गरम असतानाच कोरड्या काचेच्या बाटलीत भरतात. बाटलीवर तारीख आणि ‘संत्रा’ असं निळ्या पेनाने. फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहतो. थंड झाला की घट्ट होतो, कधी थरथरणाऱ्या जेलीसारखा. तो बिघडलेला नसतो, पेक्टिन धरलेलं असतं. बाटली गरम पाण्यात उभी केली की परत धार लागते.

(रात्र. रिकामं पातेलं. तळाला आणि कडेला चिकटलेला पाक.)

चौथ्या दिवशी रात्री सामान आवरताना आम्हाला हे दिसलं. साली संपल्या, बाटल्या भरल्या. पातेल्याला चिकटलेला पाक उरला होता. काकूंनी त्यात दोन कप पाणी घातलं, गॅसवर ठेवलं, पळीने कडा सोडवल्या. मग चहाची पूड, आल्याचा तुकडा. दूध नाही.

कप पाच होते. कॅमेरामनने कॅमेरा चालूच ठेवून डाव्या हातात कप घेतला, म्हणून इथे चौकट थोडी हलते.