२०३५ आलं कुठून?

हा बांबू रोवलाय हिमाचलच्या लाहौलमधल्या छोटा शिगरी हिमनदीवर. वाफेच्या ड्रिलनं बर्फात भोक पाडायचं, तुकडे जोडून लांब केलेला बांबू आत सोडायचा आणि पुढच्या वर्षी चढून यायचं. जितका उघडा पडला, तितका बर्फ गेला. २००२ पासून इथे हे असंच मोजतात.

आता हे छापील पान. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, २००७ चा अहवाल, आशियावरचं दहावं प्रकरण. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, नाहीशा होण्याची दाट शक्यता, असं इथे म्हटलंय. हे साल कुठल्याही बांबूवरून आलेलं नाही. आधार दिलाय डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा. तो उघडला की निघतं १९९९ चं ‘न्यू सायंटिस्ट’, म्हणजे साप्ताहिकातली बातमी. शोधनिबंध नाहीच.

१९९६ च्या एका रशियन तज्ज्ञाच्या लेखनात मात्र ओळखीचे आकडे भेटतात. ध्रुवप्रदेश सोडून जगातल्या सगळ्या हिमनद्या पाच लाखांवरून एक लाख चौरस किलोमीटरवर येतील. साल, २३५०.

तेच पाच लाख आयपीसीसीच्या पानावर एकट्या हिमालयाच्या खात्यावर लागलेत, आणि साल २०३५. आणि गंमत म्हणजे याच विभागात हिमालयातल्या हिमनद्यांचं क्षेत्र तीस लाख हेक्टर दिलंय. म्हणजे तीस हजार चौरस किलोमीटर!

खालचा तक्ता बघा. पिंडारी हिमनदी, १८४५ ते १९६६, मागे सरकली २८४० मीटर. वर्षाला १३५.२. वर्षं होतात १२१, भागलंय २१ नं. चौथीच्या वहीत बाईंनी लाल फुली मारली असती. खरं उत्तर साडेतेवीसच्या आत.

नोव्हेंबर २००९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध पर्यावरण मंत्रालयानं काढला. हिमनद्या मागे हटतायत, पण वेग विलक्षण वाढल्याचं दिसत नाही, असा त्याचा सूर. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘वूडू सायन्स’, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून संभावना केली. २० जानेवारी २०१० ला आयपीसीसीनंच त्या परिच्छेदाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

मग ‘हिमालयाला काही होत नाही’ म्हणणारेही उगवले. त्यांनी हा बांबू बघावा: २००२ ते २०१४, सरासरी दर वर्षी अर्धा मीटर पाण्याच्या थराइतकी घट. काठमांडूच्या इसिमोड संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयात २०११ ते २०२० मध्ये हिमनद्यांचा बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं घटला, आणि हरितगृह वायूंचं उत्सर्जन असंच राहिलं तर शतकाअखेर त्यातला ८० टक्क्यांपर्यंत बर्फ नाहीसा होऊ शकतो.