गेममधला खून आणि हेडफोनमधली शिवी
(लातूरला पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मी वकील आहे, त्यामुळं तुम्हाला वाटत असंल हा आता कलमं सांगत बसतो. थोडी सांगणारच, कारण विषयच तसा हाय, लेकरू मोबाईलवर रोज पन्नास माणसं मारतंय, मग ती हिंसा धरायची का नाही?

कायद्यात दुखापत म्हणजे काय तर कुणाला तरी शरीराला वेदना झाली पाहिजे, आजार झाला पाहिजे, अंग निकामी झालं पाहिजे. भारतीय न्याय संहितेचं कलम 114, अगोदरच्या दंड संहितेचं 319. आता गेममधी ज्याला गोळी लागली तो कोण? तो तिकडं औश्याला नाहीतर पुसदला गादीवर लोळत बिस्किट खायलाय, मेला की गेममधी त्याच्या जागी नुसता बॉक्स राहिला, अन् पुढच्या मॅचला पुन्हा विमानातून उडी. त्याला कुठं लागलं? काहीच नाही. उलट कुस्तीच्या फडात खरं हाड मोडतं, खरं रक्त निघतं, तरी आपण शिट्ट्या मारतो अन् वरून इनाम देतो, कारण दोघंबी राजीखुशीनं लंगोट लावून उतरलेत. म्हणजे मारामारी दिसली की लगेच हिंसा असं काही नसतं, समोरच्याची मर्जी होती का अन् त्याला इजा झाली का हे बघावं लागतं.

सरकारनं पबजी, हा असलाच बंदुकीचा गेम, बंद केलं होतं ना, असं मला सगळे म्हणतात. केलं की, 2 सप्टेंबर 2020 ला, एका झटक्यात 118 ॲप बंद. पण कारण काय दिलं होतं? देशाची सुरक्षा अन् लोकांचा डेटा. बंदुकीचा त्यात संबंध नव्हता. पुढं 2021 ला तोच गेम बीजीएमआय नावानं आला, त्यात रक्ताचा रंग हिरवा करून ठेवला! मला ते बघून लई हसू आलं, रंग बदलला की पाप धुतलं. त्याच्या आधी मार्च 2019 मध्ये राजकोटला पोलिसांनी मनाईचा हुकूम काढून गेम खेळणारी पोरंच धरली होती. खेळलं म्हणून अटक, सांगा आता.

अमेरिकेत 2011 ला सुप्रीम कोर्टापुढं हाच विषय गेला होता. कॅलिफोर्नियानं कायदा केला, असले मारधाडीचे गेम अठराच्या आतल्या पोरांना विकायचे नाहीत. कोर्टानं सात विरुद्ध दोन असा तो कायदा उडवला, अन् म्हणलं, लहान लेकरांच्या परीकथेत तरी काय कमी रक्त आहे का, त्यातली पोरगी म्हातारीला भट्टीत ढकलती. आपल्याकडं बघा, पूतनेची गोष्ट सांगून तर आपण लेकराला झोपवतो, अन् अफजलखानाचा कोथळा काढायचा पोवाडा ऐकून कुणाचं पोरगं गुन्हेगार झालं? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 ला पुन्हा सांगितलं, की अशा गेमनं चिडचीड, आरडाओरडा, ढकलाढकली थोडी वाढते असं दिसतं, पण खऱ्या खूनखराब्याचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. चिडचीड आहेच, ती मी नाकारत नाही, जेवायला हाक मारा म्हणजे कळंल.

मग मी कामून आलो इथं? तर हेडफोनसाठी.

माझा भाचा अकरावीला, इथंच रूम करून नीटचा क्लास करतो. एकदा त्याच्या बाजूला बसलो होतो, स्पीकर चालू. चार जणांचा स्क्वॉड, त्यातले दोघं अनोळखी. एका पोरानं आयडीत आडनाव टाकलेलं, त्याचा नेम चुकला अन् बाकीच्यानं त्याची जात काढली. आईबहीण तर चालूच होती, ही वेगळी. तो पोरगा गप झाला, माइक बंद केला अन् मॅच संपेपर्यंत नुसता मागं मागं पळत राहिला. मारणारी गोळी खोटी होती मंडळी, पण ते जे कानात गेलं ते खऱ्या पोराच्या खऱ्या कानात गेलं, त्याला गेममधल्यासारखं कुठं रिव्हाइव्ह, म्हणजे पुन्हा उभं करता? ज्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दलितांची घरं जळाली तिथल्या माणसाला हे येगळं सांगायला नको.

अन् दुसरी हिंसा घरातली. बाप शेतातून दमून येतो, पोरगं गेमात, हाक मारून ओ देत नाही, मग फोन भिंतीवर अन् चप्पल पाठीवर. ह्या सगळ्या प्रकरणात अंगावर वळ उठलेला मला तेवढाच दिसला, रागावू नका.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, अशा शिवीवर ॲट्रॉसिटी लागते का. 1989 च्या ह्या अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखायच्या कायद्यात जातीवरून अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झाला पाहिजे अशी अट आहे, अन् चार जणांच्या व्हॉइस चॅटला लोकांसमोर म्हणायचं का हा वादाचा मुद्दा, दोन्ही बाजूनं वकील भांडतील. पण वाद कोर्टात न्यायचा तर पुरावा लागतो, म्हणून पोरांना सांगा, स्क्रीन रेकॉर्डिंग आवाजासकट चालू ठेवा, आयडीचा स्क्रीनशॉट घ्या, गेममधी रिपोर्ट टाका, अन् ते डिलीट करायच्या आधी घरी दाखवा. हां, मागं कोण हात वर करतंय, बोला.